लाल रेघेच्या बाहेर

मुजावर साहेबांनी काचेखालचा नकाशा दाखवला.
निळी रेघ ओढ्याची, लाल रेघ हद्दीची,
बऱ्याच ठिकाणी दोघी एकमेकींच्या अंगावर.
"लालच्या बाहेर घर बघा," म्हणाले,
"ग्रामपंचायतीचा नमुना आठ पाहिजे.
मग सरकार हमीला उभं राहतंय, व्याजही कमी बसतंय."
श्रीहरीनं मान हलवली,
मागावर धागा तुटला की हलवतो तशी.

घरात तेलुगू, बाजारात मराठी,
बँकेत आम्ही दोघं गप्प.

मग रविवारमागून रविवार.
स्कूटीवर मी मागं, मांडीवर फाईल.
फाईलीत उत्पन्नाचा दाखला, त्याच्या कारखान्याच्या पावत्या,
आणि माझं विडी कामगाराचं कार्ड,
ज्यावरच्या फोटोत मी अजून लग्नाआधीची आहे.

पहिलंच घर आवडलं.
दारात उजेड होता,
सूप मांडीवर घेऊन दिवसभर बसता येईल एवढी सावली होती.
बसलिंगप्पानं मोबाईल उंच धरला.
निळा ठिपका थरथरला, थांबला.
"महापालिका," तो म्हणाला,
पत्रिका बघून मंगळ सांगावा तसा.
रस्त्यापलीकडचं चाललं असतं.
रस्त्यापलीकडच्या घराला खिडकीच नव्हती.

एका घराला अकरा वारस निघाले,
दहा सही करतात,
अकरावी विजापुरात, फोन उचलत नाही.
एक घर कागदावर विहीर होतं.
श्रीहरी त्यावर पाकणीच्या फाट्यापर्यंत हसला,
मग हसायचा थांबला, बराच वेळ बोलला नाही.

आणि ते एक घर, ज्यात सगळं बसत होतं.
हद्द, उतारा, घरपट्टी, किंमतसुद्धा.
आत एक बाई भाकरी थापत होती.
हात न थांबवता तिनं विचारलं,
"तुमचं जमलं की आम्ही किती दिवसांत निघायचं?"
बसलिंगप्पा मीटर बघायला बाहेर गेला.
तिनं पोराला सांगून आम्हाला पाणी दिलं,
तांब्या घासलेला, लख्ख.
मी प्याले.
त्या घराचं नाव आम्ही परत काढलं नाही.
श्रीहरीनं विचारलं असतं तर म्हणाले असते
की मोरी लहान होती.

शेवटी करंजवाडी. ओढा ओलांडला की तिसरं घर.
दीड खोली, गच्चीवर सळया उभ्या,
पहिल्या मालकाचा वरचा मजला
अजून हवेतच बांधायचा राहिलाय.
बोअरचं पाणी मचूळ.
पण आमच्या नळाला पाचव्या दिवशी येतं
त्यापेक्षा मचूळ बरं.
ग्रामसेविका बाईंनी शिक्का मारला,
शाई कमी होती, दोनदा मारला.

पारावरचे एक आजोबा म्हणाले,
"घ्या घ्या. पुढच्या साली हद्दवाढ होणारंय म्हणं,
आपण सगळेच शहर."
श्रीहरीचा चेहरा उतरला.
सोमवारी साहेबांना विचारलं,
गावच राहिलं नाही तर कर्जाचं काय?
साहेब चष्मा पुसत बसले.
"मंजुरीच्या दिवशी घर गावात होतं का,
एवढंच बघतात," म्हणाले.
"कर्ज वीस वर्षांचं आहे.
गाव किती वर्षांचं, ते आमच्याकडं लिहीत नाहीत."

फॉर्म मी भरला, माझं अक्षर बरं म्हणून.
नाव. वय. हप्ता कोणत्या तारखेला.
मग एका चौकटीत: गाव.

आयुष्यभर लोक विचारत आले, तुमचं गाव कुठलं?
सोलापूर म्हटलं की म्हणायचे, ते नाही हो, मूळ गाव.
मूळ गाव आजोबा सांगायचे तिकडं तेलंगणात,
मी पाहिलं नाही, 
तिथं आमचं आडनाव सांगून दार उघडेल असं कुणी नाही.

पेन जरा वेळ वरच राहिलं.
तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं,
खाली मोकळी चौकट.
करंजवाडी, मी लिहिलं.
'डी'ची वेलांटी चौकटीबाहेर गेली.
साहेब म्हणाले, चालतंय.